सेटअपवर नाव कोणाचं

६ ऑक्टोबर २००३, सोमवार
आन् वरून मलेच म्हणते, "मामी, तुम्हाला नाही जमायचं!" चिखलीचा पोरगा, पुण्यात दोन साल काय राह्यला, 'तुम्हाला' म्हणायले शिकला. जवाईबापू! दसऱ्याले येऊन सेटअप बांधून देणार होते, आता दिवाळी म्हणतात. तवरोक कापसाच्या जिनिंगवाल्यायनं काय वजनाचा काटा बंद ठेवायचा?
प्रोग्राम लिहिला रुख्मिणीनं. माझ्या पोरीनं. कापसाच्या गाडीचं वजन टाका, मराठीत पावती घ्या. गेल्या साली जिनिंगा-जिनिंगात जाऊन एकेक फाइल हातानं भरली ती मी. जवाई इंद्रभान पुण्यात बसून फोनवर इंग्रजी झाडते, बस.
आता रुख्मिणी पोटुशी, चिखलीले सासरी. डॉक्टरनं खाटेवरून उठू नको सांगतलं. म्हणून सेटअप मीच बांधणार — सातवी नापास!

७ ऑक्टोबर
सेटअप बांधायचं सॉफ्टवेअर आपल्या झेरॉक्सच्या दुकानातल्या कॉम्प्युटरवर टाकलं. त्याले सांगायचं — ही फाइल इथं ठेव, ती तिथं, चित्र स्क्रीनवर समोर लाव. मग ते सगळ्याची मिळून एक फाइल करते. गिऱ्हाइकानं ती दाबली की प्रोग्राम आपोआप बसते. एवढंच! याच्यासाठी इंद्रभाननं गठ्ठाभर इंग्रजी पाठवलं. शेंगदाण्याच्या पुड्यायले कामी येईल.

८ ऑक्टोबर
दिवसभर लाइन नाही, कॉम्प्युटर बंद.

१० ऑक्टोबर
मोताळ्याच्या जिनिंगात गेली. सीडी टाकली. स्क्रीनवर आलं — सक्सेसफुल! पह्यली पावती छापली, तं शेतकऱ्याच्या नावाच्या जागी एबीसीडीची खिचडी. मराठी फॉन्ट सेटअपात टाकायचाच राह्यला. आपल्या कॉम्प्युटरवर तो आधीचाच होता, म्हणून घरी काही दिसलं नाही.
सहदेव मुनीम गाडीवाल्याले म्हणे, "काऊन बे, कापूस विलायतेहून आणला का?" सारे हासले.
चूक माझी. पण ते मेलं सॉफ्टवेअर! सगळं बिघडलं तरी सक्सेसफुल म्हणते. जवाईबापूचं सख्खं भावंड.

१२ ऑक्टोबर
फॉन्ट टाकला. शेजारच्या एसटीडीवाल्याच्या कोऱ्या कॉम्प्युटरवर सेटअप चालवून पाह्यला. झकास!
एकच रकाना राह्यला होता — बनवणाऱ्याचं नाव. जिनिंगवाल्याले सगळ्यात आधी तेच दिसते. मी रुख्मिणीचं टाकलं.
इंद्रभानचा फोन. "मामी, तिथं माझं नाव टाका."
"काऊन? एक ओळ तरी लिहिली का तुमी?"
तं म्हणे, "रुख्मिणीलाच विचारा."
विचारीन! भेत नाही मी!

१३ ऑक्टोबर
फोनवर रुख्मिणी म्हणते, "आई, त्यायचं नाव टाका असं मीच सांगतलं. बाईनं बनवलं म्हटलं की जिनिंगवाले घेत नाहीत."
घेत नाहीत! मंग गेल्या साली कोणाच्या हातून घेतलं? तुझ्या नवऱ्याच्या?
तिले सांगून टाकलं — शुक्रवारी सीडी मोताळ्याले जाते. गुरुवारी सांजेपर्यंत मले फोन कर आन् सांग, नाव कोणाचं ठेवू. तुले लाज कोणाची वाटते — सोताच्या नावाची, का तुझ्या मायची?