एका मापट्याचं वजन

औरंगाबाद, ३ फेब्रुवारी १९७३

ती. आईस, वैदेहीचा शि. सा. न. वि. वि.

ह्यांच्या छापखान्याला टाळं लागलं, हे तुला कळवलंच होतं. चिकलठाण्याला एका नव्या कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये मला स्वयंपाकाचं काम मिळेलसं वाटत होतं. परीक्षेला शंभर माणसांचं पिठलं सांगितलं. तू सप्ताहाला करायचीस तेच प्रमाण धरलं: वीस मापटी पीठ, एक मापटं मीठ. मापटं म्हणजे अर्धा शेर, म्हणून सगळं अर्ध्या-अर्ध्या किलोनं तोललं. पिठल्याचा गोळा झाला! सैल करायला पाणी ओतलं, तर अळणी. कामगारांनी ताटं सारली. मॅनेजर म्हणाले, १९ तारखेला पुन्हा करा, यादी किलोतच द्या; नाही जमलं तर दुसरी बाई बघतो. आई, कुठं चुकलं गं?

तुझ्या जावईबापूंचा नमस्कार. आशीर्वाद असू दे.

तुझी वैदेही

पिशोर, ७ फेब्रुवारी

चि. सौ. वैदेहीस अनेक आशीर्वाद.

अगं शहाणे, शेर दोन असतात! एक तराजूतला, एक मापातला. मापटं हे भांडं आहे, वजन नव्हे. लाह्यांनी भरलं तर छटाकभरही होत नाही, मिठानं भरलं तर मनगट दुखतं. पीठ हलकं, ते तू जास्त घातलंस. मीठ जड, ते कमी पडलं. मॅट्रिक झालीस आणि मापट्यात बुडालीस!

माझी काळजी नको. इथं सगळं ठीक आहे. जावईबापूंना जपा.

तुझी आई

औरंगाबाद, १० फेब्रुवारी

ती. आईस सा. न.

चूक कळली, पण आकडा कुठं आहे? इथं दुकानांतून मापटी गेली. शेजारच्या साळूबाईंकडं एक निघालं, पण ते तुझ्या मापट्याहून लहान दिसतं. कारभारी वाण्याकडं जा, तुझ्या मापट्यानं एकदा पीठ, एकदा मीठ भरून तोलून घे. एवढंसं काम! घरात आठ दिवसांचं धान्य उरलंय. साऱ्या गावच्या पंगतींना तुला फुरसत होती, लेकीसाठी नाही का?

वैदेही

पिशोर, १४ फेब्रुवारी

चि. वैदेहीस आशीर्वाद.

रागावू नकोस. मीठ तेवढं घरात होतं. ते कारभाऱ्याकडं नेऊन तोललं, सातशे ग्रॅम भरलं. पिठाचा आकडा अंदाजानं लिहिणार होते, पण तुझं काम गेलं असतं. मापटंभर पीठ घरात नाही गं. यंदा दुष्काळात लग्न नाही, सप्ताह नाही, मला स्वयंपाकाला कोण बोलावणार? कारभारी म्हणाला, पीठ नुसतं तोलायला काढून देतो. पण दुकानात चार बाया उभ्या होत्या, मला लाज वाटली. म्हणून मापटंच कडुबा कंडक्टरच्या हाती धाडते. पीठ दाबू नकोस, काठावरची शीग काढून टाक.

लेकीकडं रिकामं भांडं धाडताना जीव तुटतो.

आई

औरंगाबाद, १९ फेब्रुवारी

ती. आईस वैदेहीचे साष्टांग नमस्कार.

मापटं पोचलं. आज कॅन्टीनच्या पिठानं भरलं, तीनशे तीस ग्रॅम झालं. त्याच हिशेबानं पिठलं केलं. लोकांनी मागून मागून घेतलं आणि मला कामावर ठेवलं. पण आई, तुझं पत्र वाचल्यापासून घास उतरत नाही. नाही नाही ते लिहिलं मी, माफ कर.

भांडं रिकामं परत करू नये, हे तूच शिकवलंस. भरून धाडायला माझ्याही घरात काही नाही, पगार महिन्यानं. म्हणून मापटं ठेवून घेते. हे पत्र घेऊन तुझे जावईच तुला न्यायला येत आहेत. जावयाच्या घरी कशी राहू, असं म्हणू नकोस. मला दोन्ही वेळा कॅन्टीनमध्येच जेवायला मिळणार आहे. घरी माझ्या वाटची भाकरी उरेल. ती तुझी.

वाट पाहणारी,
वैदेही