जिना चढू शकणारे तिघे

मास्तर, तुम्हाला जाऊन पंचवीस वर्षं होत आली आणि आज पहिल्यांदाच तुम्हाला लिहायला बसले आहे. घरात दुसरं कोणी नाही. आपल्या त्या बैठकीतलंही आता कोणी उरलेलं नाही, त्यामुळे हे सांगायचं तर तुम्हालाच.

रविवारी शाळेच्या व्हरांड्यात आपण जमायचो. तुम्ही तुमच्या हाताने चालवायच्या तीनचाकीवरच बसलेले, आणि आम्ही काठ्या-कुबड्या बाजूला ठेवून सतरंजीवर. मी पहिल्यांदा आले तेव्हा साडीच्या निऱ्या पार जमिनीपर्यंत सोडून पोलिओच्या पायाला आधार देणारं लोखंडी कॅलिपर झाकून घेतलं होतं. तुम्ही सगळ्यांदेखत विचारलंत, "पाय काहून लपवून राहिली वं? चोरीचा हाये का?" सगळे हसले. मला रडू आलं आणि तुमचा भयंकर राग आला. पुढच्या रविवारी तुम्ही मऊ चामड्याची गुडघापट्टी माझ्यापुढे ठेवलीत, स्वतः शिवलेली. टाके वाकडेतिकडे होते, पण ती मी झिजेपर्यंत वापरली.

आपलं मागणं एकच होतं. कॅलिपरचा सांधा तुटला तर थेट मुंबई गाठावी लागे, आणि ज्यांना ते जमत नसे ते घरीच बसत. कुही गावची ती पोरगी तशीच बसली, शाळा सुटली ती सुटलीच. म्हणून नागपूरच्या सरकारी दवाखान्यात कॅलिपरचं वर्कशॉप हवं आणि बजेटात त्याची तरतूद हवी. हिवाळी अधिवेशनाला अख्खं सरकार आपल्याच गावात येतं, तेव्हा तुम्ही आठ दिवस खेटे घालून आरोग्य खात्याच्या एका साहेबांची दहा मिनिटं मिळवलीत. साहेब रामदासपेठेत एका बंगल्याच्या वरच्या मजल्यावर उतरले होते. तुमची तीनचाकी फाटकाशीच अडली. मग आपण जे केलं ते आपल्यासारखेच करू जाणोत: ज्यांना जिना चढता येतो असे तिघे निवडून वर पाठवले. म्हणजे आपल्यातले सगळ्यांत धडधाकट. बोलायचं काम माझ्याकडे. "रडून मांगू नको," तुम्ही म्हणालात, "पण हाये ते सांग."

मी चढते आहे. दर पायरीला मांडीत कळ येते आणि मी चेहऱ्यावर काही दिसू देत नाही. कडक इस्त्रीची साडी नेसले आहे, जमिनीपर्यंत. साहेब भला माणूस. चहा मागवतात, अर्ज शेवटपर्यंत वाचतात.

खाली आले तेव्हा तुम्ही उन्हात ताटकळत होतात. "काय म्हणे साहेब?" मी म्हणाले, "पाहतो म्हणाले. घाईत होते." तरतूद झाली नाही. "सरकारले कानच नाही," असं तुम्ही म्हणायचात, आणि दर हिवाळ्यात नवा अर्ज सांगायचात, शेवटच्या आजारपणातसुद्धा. तो चांगल्या अक्षरात लिहून काढायचं काम माझं. लिहिताना मी तुमच्याकडे पाहत नसे.

साहेब घाईत नव्हते, मास्तर. हा कागद कुठल्याच टपालात पडणार नाही, म्हणून लिहिते. अर्ज वाचून झाल्यावर त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि हळूच विचारलं, "जिना चढताना तुम्हाला फार त्रास झाला का?"

मी म्हणाले, "नाही साहेब. काहीच नाही."