डावीकडची मागची दाढ

सोमवार, २ जून

अडीच तास! अडीच तास तोंड उघडं. जबडा अजून धड मिटत नाही, खालचा ओठ कुणा दुसरीचाच वाटतोय.

दातांचे डॉक्टर बर्गेस ऑस्ट्रेलियाहून आमच्या बेटावर महिनाभरासाठी आलेत. माणूस सभ्य, हात हलका. पण डावीकडची मागची दाढ कोरायला घेतली आणि डोळ्यांपुढे काजवे चमकले. मधूनमधून विचारायचे, दुखतंय का? तोंडात नळ्या, बोलणार कशी — भुवया उचलून हो म्हणत होते. ते पुन्हा सुरूच! म्हटलं, कळूनही थांबत नाहीत, म्हणजे सोसायलाच हवं. डोळे मिटून मनातल्या मनात चटई विणत बसले. एक पाती वर, एक खाली. चौदा ओळी झाल्या.

मंगळवार, ३ जून

मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या. पेरूच्या पानांचा काढा. दोन उशा घेऊन बसल्या बसल्याच झोपले — आडवं झालं की दाढ ठणकते. जेवण म्हणजे नारळाच्या दुधात कुस्करलेलं रताळं. माझी लेक लुपे माझ्यासारखं वाकडं तोंड करून बोलून दाखवते. नऊ वर्षांची आहे, पण नकला कराव्या तिनेच. हसले की कळ थेट कानात जाते. तरी हसले.

गुरुवार, ५ जून

लाविनिया आत्या येऊन गेली. बाबांची थोरली बहीण, आमच्यात तिचा मान सगळ्यांत मोठा — तिच्यापुढे बाबासुद्धा खाली जमिनीवर बसायचे, मग माझी काय कथा. शुक्रवारी तेरा तारखेला राजधानीला जायचं, विमानात जागा ठरली, चर्चमध्ये माझ्यासाठी रोज प्रार्थना चालू आहे, हे सगळं तिनं एका दमात सांगितलं. "हृदय बदलायला निघालीस आणि दाताला भितेस होय गं?" म्हणाली.

हृदय नाही, झडप. लहानपणीच्या तापानं खराब झालेली. ती बदलणारी परदेशी डॉक्टरांची तुकडी राजधानीत वर्षातून एकदाच येते. तोंडात कुठे पू राहिला तर नव्या झडपेला लागतो, म्हणून आधी दातांचा दाखला. आमच्या इथल्या डॉक्टरीणबाईंनी फेब्रुवारीतच बजावलंय — पुढच्या वर्षाची वाट बघू नकोस. हे लुपेला सांगितलेलं नाही. तिकडे परदेशात फळं तोडायला गेलेल्या नवऱ्याला, सेमिसीलाही अर्धंच सांगितलंय.

रविवार, ८ जून

चर्चला गेले. गाताना नुसते ओठ हलवले. दाढ अजून ठणकतेय. सहा दिवस झाले की!

सोमवार, ९ जून

आज उजवी बाजू. तीन तास. आज मदतीला फूसी होती, आपल्याच गावची नर्स. डॉक्टरांनी विचारलं, मी भुवया उचलल्या, त्यांनी यंत्र लावलं — तशी फूसीनं त्यांचं मनगटच धरलं. "अहो, ती हो म्हणतेय! दुखतंय तिला!"

डॉक्टरांनी तोंडावरचा मास्क काढला. त्यांच्याकडे भुवया उचलल्या की नुसतं नवल वाटलं असा अर्थ होतो म्हणे. मागच्या सोमवारी मी अडीच तास हो हो करत होते आणि त्यांनी कागदावर लिहिलं होतं — त्रास नाही. बिचारे कानापर्यंत लाल झाले. पुन्हा सुई दिली, म्हणाले आता हात वर करायचा. पुढे काहीच दुखलं नाही. इतकं सोपं होतं!

मग नळ्या काढून त्यांनी नीट विचारलं, ती मागची दाढ घरी दुखते का? दुखत असेल तर काढावी लागेल, आणि जखम भरेपर्यंत दोन आठवडे झडपेचं नाव नाही. तोवर तुकडी परत गेलेली असणार.

मी म्हणाले, "नाही."

बुधवार, ११ जून

दाखला मिळाला. सही, शिक्का. डावा गाल गरम लागतोय.

गुरुवार, १२ जून

आत्यानं डुक्कर भाजलं. अख्खी आळी जेवायला. प्रार्थनेत आत्या रडली, देवा, हिचं तोंड स्वच्छ केलंस, म्हणाली. मी मान खाली घालून बसले होते आणि दाढेत घण पडत होते. लाज वाटली. लाजेपेक्षा भीती जास्त. नवी झडप बसवायची आणि तिच्यात हा पू नेऊन सोडायचा? मग लुपेचं काय?

पण सांगू कुणाला? एवढं जेवण घातलं तिनं.

शुक्रवार, १३ जून

सकाळी आत्या न्यायला आली. पिशवी दारात. मी खाली बसले आणि म्हणाले, "आत्या, दाढ दुखतेय. पहिल्या दिवसापासून. मी डॉक्टरांशी खोटं बोलले."

वाटलं, आता माझी खैर नाही. आत्या म्हणाली, "माझ्या भीतीनं ना?" तिनं वाकून माझी पिशवी उचलली. आमच्यात आत्याचं ओझं भाचीनं उचलायचं असतं. रस्त्यातले लोक बघत राहिले, पण दवाखाना येईपर्यंत तिनं पिशवी सोडली नाही.

दाढ निघाली. खाली पू होताच. दोनदा हात वर केला, डॉक्टर दोनदा थांबले. विमान छपरावरून गेलं तेव्हा तोंडात कापूस होता. आत्या भिंतीकडे तोंड करून उभी होती.

शनिवार, १४ जून

माझ्या जागेवर दुसऱ्या बेटावरच्या बाईला घेतलं. तुकडी आता पुढच्या जूनमध्ये. गालाची सूज उतरली. अजिबात दुखत नाही.

लुपेनं विचारलं, "तोपर्यंत तू असशील ना?"

"असणार की," म्हणाले. या आठवड्यातलं दुसरं खोटं.