मागे कोण बसलं होतं

न्युरेम्बर्ग, रविवार, २४ ऑगस्ट २००८

अजून डोकं शांत होत नाहीये. काकूंकडे चहाला गेलो, तर फिनलंडच्या ट्रिपबद्दल सगळे प्रश्न मंदारला. खडीच्या रस्त्यावर बाइक घसरत नाही का, रेनडिअर आडवे येतात का. मला एकच, "अगं, इतके दिवस मागे बसून पाठ धरली असेल ना?"

मी नवऱ्याकडे पाहिलं. आता सांगेल. त्याने डाव्या हाताने चकली तोडली.

मागे? खडीवर पडून उजवं मनगट मुरगळून घेतलं ते याने. त्याची बाइक ट्रकने येणार आहे. तिथून घरापर्यंत मी चालवत आणलं, माझ्या बाइकवर, याला मागे बसवून. उतार आला की माझं जॅकेट मुठीत धरायचा. आणि आज पट्टी बाहीखाली लपवून डाव्या हाताने चकल्या.

मी तरी का गप्प बसले? चारचौघांत त्याचा पाणउतारा नको म्हणून? माझा झाला तो चालतो?

घरी येताना म्हणतो, "काकूंना उगाच ओशाळल्यासारखं झालं असतं गं."

हो तर, गेनाऊ, अगदी बरोबर! पुढच्या रविवारी त्या आमच्याकडे येतायत. पोळ्या यालाच लाटायला सांगणार आहे, त्यांच्यासमोर. मग सांगेलच मनगटाला काय झालं ते.