नऊ क्लबांचे हिरवे पडदे

स्कार्नबी, लिंकनशर
सोमवार, ११ जून १९७३
(कपडे वाळत घातल्यावर)

ती. एनिडवन्सं यांना म्युरिएलचा नमस्कार, आणि क्लिफर्डचाही. (तो समोर चहा पीत बसला आहे. "वन्संना लिहितेय" म्हटल्यावर त्याने मान हलवली. त्याची मान हलली म्हणजे दुसऱ्या कोणाचं दीड पानी पत्र झालं, हे तुम्हाला सांगायला नको. तुम्ही त्याला पाळण्यापासून ओळखता.) तुमचा गुडघा आता जिना चढू देतो का? बदकाची चरबी कोमट करून चोळा, गार चोळून उपयोग नाही. शिवणकामाच्या दुकानात मदतीला घेतलेली ती मुलगी टिकली का, आणि मांजर परत आलं का? तुमचा ईस्टरचा केक आम्ही तीन आठवडे पुरवला. कागदाच्या पाठीमागे मार्चमधल्या सामन्याच्या संघांची यादी छापलेली दिसेल, तिकडे लक्ष देऊ नका. तो सामना आम्ही हरलो, पण कागद उत्तम आहे.

दर जूनला तुमच्या पत्रात दोनच शब्द असतात, "यंदा कुठे?", आणि मी उलट टपाली नवा पत्ता कळवते. यंदा माझं उत्तर लांबलं, कारण आम्हालाच गेल्या आठवड्यापर्यंत ठाऊक नव्हतं. ते सगळं सविस्तर लिहिते. तुम्हाला फुटबॉलमधलं काही कळत नाही आणि कळून घ्यायचंही नाही (तुमच्या घरात एवढं एकच सुख आहे असं क्लिफर्ड म्हणतो), म्हणून जरा पायरीपायरीने सांगते.

आधी पडद्यांचं. आमच्या लग्नात सासूबाईंनी स्वतःच्या दिवाणखान्याचे हिरवे पडदे उतरवून दिले होते, ते तुम्हाला आठवत असतील. त्या खिडक्या म्हणजे चर्चच्या खिडक्यांएवढ्या उंच. आमची कुठलीच खिडकी त्या मापाची निघाली नाही. पण चांगलं कापड एकदा कापलं की कापलं, ते पुन्हा लांब होत नाही. म्हणून मी सोळा वर्षांत नऊ गावी ते खालून दुमडून नुसते टाचत आले. डनफोर्डला सहा इंच दुमड, वेल्थॉर्पला चौदा, एल्मिंस्टरला क्लबाने दिलेलं घर दुकानाच्या वर होतं तिथे तर जवळजवळ अर्धा पडदा आत. आता उजेडासमोर धरले तर दुमडीच्या फिक्या रेघा एकाखाली एक दिसतात. तुमच्या भावाची सगळी कारकीर्द त्यात वाचता येते, आणि वर्तमानपत्रांनी लिहिली त्यापेक्षा जास्त सविस्तर.

ही कारकीर्द तशी सन्मानाची आहे, हे मी कोणाच्याही तोंडावर सांगेन. क्लिफर्ड बचावाच्या मधोमध उभा राहतो आणि येईल तो चेंडू डोक्याने परत धाडतो. असा माणूस प्रत्येक क्लबाला एक-दीड मोसम हवाच असतो, दोन मोसम कोणालाच नको असतो. त्यातून एक विचित्र योग असा की तो ज्या क्लबातून निघतो तो क्लब लगेच वर चढतो. आठ क्लब सोडले, त्यातले चार आज वरच्या दोन विभागांत आहेत. मी याला परमेश्वराची योजना समजते. क्लिफर्ड याला काहीच समजत नाही, तो बूट पुसतो.

पण स्कार्नबी मला मानवलं, वन्सं. इथलं चॅपल लहान आहे पण ऑर्गन सुरात आहे. परसात मी शतावरी लावली (तिचे कोंब तिसऱ्या वर्षी खाण्याजोगे होतात म्हणतात, आणि मला तिसरं वर्ष कुठेच मिळालेलं नाही). आणि रूथ. दहा वर्षांची पोर, ही तिची पाचवी शाळा. पहिल्याच दिवशी ती बाईंना म्हणाली, "मिस, हजेरीत माझं नाव पेन्सिलीने लिहा, म्हणजे नंतर तुम्हाला त्रास नको." बाईंनी मला हे हसत सांगितलं. मीही हसले, मग घरी येऊन बटाटे गरजेपेक्षा बरेच जास्त सोलले.

तर आता संकट. आमच्या चौथ्या, म्हणजे सगळ्यात खालच्या, विभागात जे चार क्लब शेवटी राहतात, त्यांना जूनमध्ये लंडनच्या मोठ्या हॉटेलात जाऊन हात जोडावे लागतात. आम्हाला लीगमध्ये राहू द्या, म्हणून. लीगबाहेरचे क्लब त्यांची जागा मागायला इस्त्रीचे कपडे घालून तिथेच उभे असतात. मग मतं पडतात, आणि त्यातली जवळजवळ सगळी वरच्या दोन विभागांतल्या चव्वेचाळीस क्लबांची. शेवटच्या सामन्यात नुसती बरोबरी झाली असती तरी आम्ही या वारीतून सुटलो असतो. तीन मिनिटं उरली होती, एकास एक गोल होते, आणि लांबून आलेला एक चेंडू क्लिफर्डने हवेत उडी घेऊन असा काही डोक्याने मारला की तसा त्याने सोळा वर्षांत मारला नव्हता. तो आमच्याच गोलात गेला. दुसऱ्या दिवशी चॅपलच्या दारात म्हातारे मिस्टर टॉफ्ट त्याचा हात हातात घेऊन म्हणाले, "काय देखणा गोल होता रे, क्लिफ. आमच्या हयातीत आमच्या माणसाने केलेला सर्वात देखणा. तेवढं दार चुकलं." (खाटकाच्या दुकानात बायका जे म्हणाल्या ते मी लिहीत नाही. पत्र टपालातून जायचं आहे.)

लीगबाहेर पडलो तर सगळे खेळाडू मोकळे होणार आणि क्लबाची घरं परत जाणार, असं ठरलं. म्हणून मे महिन्यात कोणाला ठेवलं, कोणाला सोडलं, ही पत्रं दरवर्षी येतात ती यंदा आलीच नाहीत. त्याऐवजी क्लबाचे अध्यक्ष मिस्टर हॅरप स्वतः आले, हातात दोन पौंड सॉसेज घेऊन. (ते सॉसेजच बनवतात. हा माणूस अर्धा पौंड घेऊन आला तर कुशल विचारायला आला समजावं. दोन पौंड म्हणजे धोका.) त्यांना शोध लागला होता की चार मोठे क्लब क्लिफर्डच्या ओळखीचे आहेत. त्याने त्यांना गळ घालावी. क्लिफर्डने चहात साखर ढवळली आणि म्हणाला, "मला बोलता येत नाही, साहेब. बोलते ती. पत्ते तिच्याच वहीत आहेत."

तेव्हा मला वही काढावी लागली. वन्सं, तुम्ही या वहीला नेहमी हसता, पण ऐका. मी प्रत्येक गावाहून निघताना क्लबाच्या अध्यक्षांच्या बायकोला आभाराचं पत्र लिहिते, आणि मग दर नाताळाला कार्ड. नवी कार्डं घेणं मला पाप वाटतं, म्हणून गेल्या वर्षी आलेल्या कार्डांचं पुढचं चित्र कापून त्यामागे लिहून पाठवते. कोणाचं चित्र कोणाला गेलं याची नोंद या वहीत असते, म्हणजे फजिती नको. एकदाच झाली. डनफोर्डच्या मिसेस विनशिप यांचा लाल छातीचा रॉबिन पक्षी मी सामानाच्या गडबडीत मिसेस विनशिप यांनाच पाठवला. मी वर्षभर लाजेने मेले. पुढच्या नाताळाला त्यांच्याकडून पाकीट आलं, आत तोच रॉबिन, कडा सारख्या कापून जरा लहान केलेला. त्यानंतर तो सहा वर्षं आमच्या दोघींमध्ये ये-जा करतो आहे, दर खेपेला कात्री लागून थोडा बारीक होत. आता फांदी गेली, बर्फ गेला, छाती आणि चोच तेवढी उरली आहे.

हॅरप साहेबांनी वही पाहिली आणि त्यांचा आवाज एकदम मऊ झाला. म्हणाले, मिसेस गार्बट, लिहा. लिहा की आम्ही नवी प्रेक्षक-गॅलरी बांधतो आहोत. मी म्हटलं, कुठे? ते म्हणाले, योजना आहे. मी म्हटलं, मग १९५१ सालापासून योजना आहे असं लिहिते, ते खरं आहे. त्यांनी सॉसेजच्या पुडक्याकडे पाहिलं, बहुधा परत न्यावं की काय असं मनात आलं असावं. शेवटी जे खरं तेच लिहायचं ठरलं. मी लिहिलं की इथलं मैदान ओलं आहे, संघ साधारण आहे, शेवटचा गोल माझ्या नवऱ्याचा आहे, पण विश्रांतीच्या वेळी पाहुण्या संघालाही चहा गरम मिळतो आणि मुलीला एक मैत्रीण मिळाली आहे. चारही पत्रं एकाच दिवशी टाकली. विनशिपबाईंच्या पाकिटात रॉबिन घातला, ऐन मे महिन्यात.

प्रार्थनेचा प्रश्न उरला. मी आमचे पाद्री मिस्टर टिडी यांना विचारलं, मतांसाठी देवाला साकडं घालावं का. ते म्हणाले, बाहेरच्या क्लबांच्या गावीही चॅपल आहेत, तिथल्या बायकाही गुडघे टेकत असतील. हे मला पटलं. म्हणून मी फक्त "तुझी इच्छा" एवढंच म्हटलं. पण जरा ठासून म्हटलं.

लंडनला हॅरप साहेबांनी क्लिफर्डला बरोबर नेलं, लग्नाच्या सुटात. पुढचं मी त्याच्याकडून चार दिवसांत एकेक वाक्य काढून जुळवलं आहे. हॉटेलात वेल्थॉर्पचे अध्यक्ष लांबून हात पसरत आले आणि हॅरप साहेबांदेखत म्हणाले, "गार्बट! अरे तू गेलास आणि आमचं नशीब फळफळलं!" मग एल्मिंस्टरचे आले, तेही तेच म्हणाले, फक्त पाठ जास्त जोरात थोपटून. मिस्टर विनशिप यांनी खिशातलं पाकीट उघडलं, आत रॉबिन होता. म्हणाले, बायकोने सांगितलंय, हा पक्षी डिसेंबरपर्यंत सांभाळ आणि मत कुठे द्यायचं ते विसरू नकोस. मतं गुप्त असतात. पण संध्याकाळी भेटलेल्या प्रत्येक माणसाने मत आम्हालाच दिलं म्हणून सांगितलं, आणि तशी बेरीज केली तर मतदारांपेक्षा मतं जास्त होतात. खरं एवढंच की आम्ही दोन मतांनी वाचलो.

आता तुम्ही म्हणाल, गोष्ट संपली. मलाही तसंच वाटलं असतं. पण परतीच्या गाडीत पीटरबरो आलं तेव्हा हॅरप साहेबांनी विचारलं, "क्लिफ, हे चारही क्लब तू गेल्यावरच वर गेले?"

क्लिफर्ड हो म्हणाला. (खोटं त्यालाही येत नाही.)

"म्हणजे आम्ही तुला सोडलं, तर..."

फुटबॉलची माणसं कशी असतात ते तुम्हाला ठाऊक नाही, वन्सं. हे हॅरप साहेब एका विजयानंतर अकरा आठवडे तेच मोजे घालून मैदानावर यायचे. असल्या माणसाच्या डोक्यात असला विचार शिरला की आमची ट्रंक बांधायला घ्यावी. त्यावर क्लिफर्ड लग्नाच्या दिवसानंतरचं सर्वात लांब वाक्य बोलला.

"मी गेलो तर ती येणार माझ्याबरोबर, साहेब. आणि तिच्याबरोबर वही."

स्कार्नबीचं स्टेशन येईपर्यंत हॅरप साहेबांनी दोन वर्षांचा करार कबूल केला होता. एक वर्ष खेळायचं, दुसऱ्या वर्षी राखीव संघाकडे बघायचं. दोन वर्षं, वन्सं! क्लिफर्डने हे मला आल्याबरोबर सांगितलं नाही. आधी कोट टांगला, हात धुतले, रूथच्या पाढ्यांवर नजर टाकली, आणि मग म्हणाला, शतावरीला पाणी घातलंस का. मी म्हटलं, तिसरं वर्ष कोणी पाहिलंय. तो म्हणाला, आपण.

तर "यंदा कुठे?" याचं उत्तर, इथेच. पत्ता तोच, घर तेच, फाटकाचं बिजागर तेवढं अजून कुरकुरतं. गुडघ्याला जपा. मांजर आलं असेल तर त्याला आमच्याकडून चुचकारा, आलं नसेल तर खिडकी उघडी ठेवा. परमेश्वर तुम्हाला सुखात ठेवो.

तुमची भावजय,
म्युरिएल

ता. क. नाताळाला आता चव्वेचाळीसही अध्यक्षांच्या बायकांना कार्डं पाठवायची असं हॅरप साहेबांचं म्हणणं आहे. तेव्हा तुमच्याकडची जुनी कार्डं चित्राच्या बाजूने जपून ठेवा. मी पाठवलेली मात्र नकोत.

ता. क. ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं ते राहिलंच. सासूबाईंची कापड बेतायची मोठी कात्री तुमच्या दुकानात आहे. ती पाठवाल का? माझी कात्री रॉबिनपुरतीच आहे. काल मी खिडकीचं माप घेतलं, आणि पडदे कापायचे ठरवले आहेत. रूथ म्हणाली, आई, खरंच? आणि आज शाळेत जाताना दप्तरात शाईची दौत टाकून गेली आहे, बाईंना द्यायला.

ता. क. क्लिफर्डने आत्ता हे वाचलं. म्हणतो, कापशील तेव्हा चार इंच आत राहू दे. मी राहू देणार आहे. यात अविश्वास काही नाही, वन्सं. धुतल्यावर कापड आटतं.