गडग्याबाहेरची सदाफुली

मंगळवार, संध्याकाळ

कॉलेजातली एक मुलगी आज आमच्या अंगणाच्या दगडी गडग्याबाहेरची सदाफुली मुळासकट घेऊन गेली. वाळवून कागदावर चिकटवणार, कॉलेजच्या कपाटात ठेवणार. तिला बागेबाहेर आपसूक वाढलेलीच झाडं हवी होती.

"आजोबा, कोणी लावलीय का ही?"

"नाय गो, आपसूक आली."

खोटं बोललो का मी? बी आमच्या हिने वेळणेश्वरहून, माहेराहून आणलं आणि अंगणात रुजवलं. ती गेल्यावर मुलाने अंगणात फरशी घातली. बाहेर बी पडून उगवली तेवढीच उरली. तीही रस्ता रुंद होताना जाणार. खरं सांगितलं असतं तर मुलीने नेलीच नसती. मग काय उरलं असतं?

"किती टिकेल?" मी विचारलं.

"शंभर वर्षंसुद्धा. आपल्या दोघांपेक्षा जास्तच, आजोबा."

बरं वाटलं. मग तिने झाडाशेजारी चिकटवायची चिठ्ठी वाचून दाखवली. रस्त्याकडेला, आपोआप उगवलेली, कोणी लावलेली नाही.

हिचं नाव घाल, असं ओठांवर आलं होतं. पण मग झाड परत केलं असतं तिने.

आता शंभर वर्षं तेच राहणार. कोणी लावलेली नाही.