डावीकडे गडद, उजवीकडे फिकट

दि. ३ मार्च

ती. दादास शि. सा. न. वि. वि.

विनंती खरोखरच विशेष आहे, म्हणून आज तब्येतपाण्याची चौकशी शेवटी करतो. शाळेला मोठी सुट्टी लागली की एक मेपासून दहा दिवस तळ्याकाठचं एक दोन खोल्यांचं घर मी घेऊन ठेवलंय. तू आणि मी, दोघंच. हिला विचारलं. ती म्हणाली, खुशाल जा, पण धूर करायचा तो व्हरांड्यात, नाहीतर परत येताना कपडे तळ्यातच धुऊन आणा.

दादा, मी चोपन्न वर्षांचा झालो आणि आपण दोघं एकदाही सुट्टीवर गेलेलो नाही. मला शाळेत घालून तू सिगारच्या कारखान्यात लागलास तो अजून तिथंच. आता रोज संध्याकाळी दोन खुर्च्या टाकून बसायचं आणि एकेक चांगली सिगार ओढायची, एवढाच बेत आहे.

ती चांगली सिगार आणायला मी काल एका मोठ्या दुकानात गेलो आणि पुरता फजीत होऊन आलो. दर भेटीला सोनेरी पट्टी बघूनच तुला आणतो, पण इथं तर सगळ्यांच्याच कमरेला सोनेरी पट्ट्या! दुकानदारानं विचारलं, तुम्हाला मातीची चव आवडते, कोकोची की कातड्याची. मी म्हटलं, कातडं अजून खाऊन पाहिलं नाही. त्याला काही हसू आलं नाही. शेवटी काडेपेटी घेऊन परत आलो.

तेव्हा निवड तूच कर. दहा दिवस, दोन माणसं, वीस सिगारी. तुमच्याकडच्या सगळ्यात उत्तम. अडतीस वर्षं तू निवडीच्या टेबलावर दुसऱ्यांच्या पेट्या लावल्यास आणि स्वतः मात्र पान फाटलेल्या, बाजूला काढलेल्याच ओढल्यास, हे मला ठाऊक आहे. या वेळी अख्ख्या हव्यात.

आता चौकशी. वहिनींचा गुडघा कसा आहे? तुझं काय चाललंय? उत्तर लांबलचक यावं. माझ्यावरचा लोभ जुनाच आहे, तोच पुढे चालू द्यावा.

तुझा
धाकटा

*

दि. ९ मार्च

चि. मास्तरास अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. तुझ्या वहिनीला मोठ्यानं वाचून दाखवलं. काडेपेटीपाशी आलो तेव्हा ती इतकी हसली, की गुडघा दुखतोय हे विसरूनच गेली. तेव्हा गुडघा बरा आहे असं समज.

सुट्टीला येतो. मालकांना सांगूनही टाकलं. त्यांना वाटलं मी थट्टा करतोय.

आता नीट ऐक, कारण मुलांना चित्रं काढायला शिकवणाऱ्या माणसाला हे कळायला हवं. सोनेरी पट्टीकडे बघायचंच नाही. सिगार दोन बोटांत धरून टोकापासून टोकापर्यंत हलकेच दाबत जायचं. कुठं गाठ लागली तर ती ओढताना तोंड दुखवील, कुठं बोट आत गेलं तर ती एकीकडूनच जळेल. मग कानाशी धरायची. कुरकुरली तर वाळलेली, ठेवून द्यायची. बोलली नाही म्हणजे चांगल्या घरची. शिवाय तळ्याकाठी वारा असणार. बारीक सिगार वाऱ्यात घाईघाईनं संपते आणि जीभ पोळते. म्हणून अंगानं भरलेल्या, आखूड आणि पाच वर्षं फळीवर निवांत पडलेल्या निवडल्यात. आमच्याकडच्या सगळ्यात जुन्या बाईंनी वळलेल्या आहेत त्या. कोणती कशी वळली हे बाईंना अजून आठवतं.

आणि रंग. रंग हा माझा प्रांत. लोकांना वाटतं गडद म्हणजे कडक. तसं काही नसतं, वरचं पान हा नुसता अंगरखा. पण पेटी उघडणाऱ्यानं पहिल्यांदा बघायचं ते रंगच, म्हणून डावीकडे गडद आणि तिथून उजवीकडे पायरीपायरीनं फिकट, अशी मांडणी असते. एक पायरी चुकली की सगळी रांग अडखळते. माझ्या टेबलावरून अडखळलेली पेटी आजवर गेलेली नाही.

वीसही मी स्वतः लावल्यात, वर दहा, खाली दहा. उद्या पार्सलानं पाठवतो. प्रवासाचा शीण त्यांनाही येतो, महिनाभर तुझ्याकडे विसावू देत. पेटी उन्हात ठेवू नकोस. मात्र एकदा खिडकीशी नेऊन बघ आणि मांडणी कशी झाली ते मला कळव. लहानपणी पानांचे तुकडे देऊन तुला ते रंगवार लावायला बसवत होतो, तेव्हा तू चिडायचास. आता बघू तुला माझी एक तरी चूक सापडते का!

एक गंमत सांगायची राहिली. मालकांनी नवीन टूम काढलीय. आम्हा रंग निवडणाऱ्या सगळ्यांचे डोळे तपासायचे. जो नापास होईल त्यानं पेट्यांना खिळे ठोकायच्या खोलीत जायचं. मला चिठ्ठी दिली, ती मी टेबलाच्या डगमगत्या पायाखाली घातली. जे डोळे एका तपकिरीचे साठ रंग ओळखतात, त्यांनी भिंतीवरची अक्षरं वाचून दाखवायची म्हणजे हद्द झाली. खिळे ठोकायला मी जन्माला आलो नाही, आणि निवडीचं टेबल सोडणार तर स्वतःच्या पायानं.

वहिनीचे आशीर्वाद. माझे तुला कमी पडत असतील तर तसं लिही, पुढच्या पत्रात वाढवून देतो.

तुझा
दादा

*

दि. २० मार्च

ती. दादास शि. सा. न. वि. वि.

पेटी सुखरूप आली. झाकण उघडलं आणि घरभर वास पसरला, हिनंसुद्धा नाक न मुरडता दोनदा आत घेतला. तू सांगितलंस तशी खिडकीशी नेऊन पाहिली. मांडणी अगदी झकास. नाव ठेवायला जागा नाही. पेटी कपाटात, उन्हापासून लांब ठेवलीय.

शाळेत परीक्षांची धांदल आहे म्हणून आज एवढंच. थोडक्यात लिहिलं म्हणून लोभ थोडका करू नये.

तुझा
धाकटा

*

दि. २० मार्च

ती. वहिनींना सा. न. वि. वि.

हे पत्र दादाला दाखवू नका. त्याला आत्ताच मी खोटं लिहिलंय आणि तेव्हापासून माझं मन कशात लागत नाही.

वहिनी, पेटी चुकलीय. एखाद्या पायरीनं चुकली असती तर मी म्हटलं असतं, माझीच नजर कच्ची. पण वरच्या रांगेत दोन काळपट सिगारींच्या मध्ये एक दुधाळ चहासारखी फिकट बसलीय. खालची रांग तर अर्ध्यातून उलटीच फिरलीय. मुलांनी असं रंगवून आणलं तर मी परत करायला लावीन. दादाच्या हातून हे होतं याचा अर्थ त्याला दिसत नाही. आणि ते त्याला माहीत नाही, किंवा माहीत असून तो चिठ्ठ्या टेबलाखाली घालतोय.

त्याला सांगायची माझी छाती होत नाही. ते टेबल त्याच्याकडून गेलं तर तो काय करील? तुम्ही कसंही करून, तुमच्या गुडघ्याचं निमित्त काढून का होईना, त्याला डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्या. माझं नाव मध्ये येऊ देऊ नका.

तुमचा आधार नेहमीच वाटत आलाय, या खेपेला जरा जास्त द्यावा.

आपला
धाकटा

*

दि. २७ मार्च

मास्तर,

आशीर्वाद नेहमीप्रमाणे आहेत, ते रागावर अवलंबून नसतात.

तू मास्तर झालास तरी अक्कल यायची राहिली. या घरात वहिनीच्या नावानं आलेलं पत्र कोण वाचतो? दुपारचा चहा झाला की ती खुर्चीत बसते, पाय स्टुलावर ठेवते आणि मी वाचतो. दोन वर्षं हा शिरस्ता आहे. तुझं पत्र मी खड्या आवाजात वाचायला घेतलं. दादाला दाखवू नका, हे दादानंच वाचलं. तिथं थांबायला हवं होतं, पण वाटलं तू सुट्टीचं काही गुपित लिहिलं असशील, म्हणून हसत पुढे गेलो. चहाच्या रंगापाशी पोचलो तेव्हा काय ते कळलं. तरी शेवटपर्यंत वाचलं. अर्धवट सोडायची मला सवय नाही.

पेटी चुकली याचा मला राग नाही. म्हणजे आहे, पण तो माझा माझ्यावर आहे, तुला त्यात वाटा मिळणार नाही. तुझ्यावरचा राग वेगळा. अडतीस वर्षं माझं काम काय? रांगेत चुकलेली दिसली की बोलाचाली न करता ती उचलायची आणि तिच्या जागी ठेवायची. एवढंच. याला मोठं डोकं लागत नाही. चुकलेली दिसली आणि तशीच राहू दिली, असं माझ्या टेबलावर कधी घडलं नाही. तुला दिसली आणि तू झाकण लावलंस. वर झकास म्हणून लिहिलंस! त्या झकासनं मी दोन दिवस कारखान्यात छाती काढून हिंडलो रे.

टेबल गेलं तर मी काय करीन याची चिंता तू करू नकोस. तुला चौथीत घातलं तेव्हा मला वाचता येत नव्हतं. तुझी पुस्तकं चोरून वाचायला शिकलो. जो ते शिकला तो खिळे ठोकायलाही शिकेल. मात्र आंधळ्यासारखं टेबलावर बसून राहणं मला जमणार नाही, आणि तू मला तेच करायला लावत होतास.

डगमगत्या पायाखालची चिठ्ठी काढली. सोमवारी डॉक्टरकडे जातोय. गुडघ्याचं निमित्त लागलं नाही.

कुठली सिगार कुठं चुकलीय ते एकेक करून लिहून पाठव. मग पुढचं बोलू.

दादा

*

दि. ३० मार्च

चि. भावोजींना अनेक आशीर्वाद.

माझं अक्षर बघून दचकला असाल. मला लिहिता येतं आणि चष्म्याशिवाय वाचताही येतं. यांच्याकडून पत्रं वाचून घेते ती आळसानं नव्हे. दोन वर्षांपूर्वी हे विजेचं बिल उलटं धरून बसले होते, तेव्हापासून रोज काहीतरी वाचायला देते आणि कुठं अडखळतात ते ऐकते. अलीकडे फार अडखळतात, मग मनानंच काहीतरी जोडून पुढे जातात. तुमच्या मागच्या पत्रात नसलेलं एक अख्खं वाक्य यांनी मला वाचून दाखवलं, आणि ते तुमच्यापेक्षा बरं होतं.

तुमचं माझ्या नावाचं पत्र मी आधी वाचलं होतं. मग पुन्हा पाकिटात घालून यांच्या हातात दिलं. मी शंभरदा सांगितलं असतं तर हे माझ्यावर हसले असते. रंगाबाबत हे फक्त तुमचं ऐकतील, कारण तुम्हाला यांनीच शिकवलंय. तुम्हाला बोलणी खावी लागली, त्याबद्दल भेटाल तेव्हा माफी मागेन. थोडीशी.

डॉक्टर म्हणाले, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलाय. पिवळ्या काचेतून बघितल्यासारखे सगळे तपकिरी रंग एकात एक मिसळत होते. उजवा डोळा आधी करणार आहेत, पंधरा तारखेला. हे डॉक्टरांनाच समजावत होते की काच नीट निवडून बसवा.

लोभ यांच्यावर आहे तेवढाच माझ्यावरही ठेवा.

तुमची वहिनी

*

दि. ४ एप्रिल

ती. दादास शि. सा. न. वि. वि.

वरची रांग, डावीकडून: तिसरी फार फिकट, ती नववीच्या जागी हवी आणि नववी तिच्या जागी. सहावी आणि सातवी आपसांत बदलायला हव्यात. खालची रांग: पहिल्या पाच बरोबर, पुढच्या पाच उलट्या, त्यातली मधली तेवढी जागेवर. एकूण आठ सिगारी चुकीच्या जागी आहेत.

हे लिहायला मला पंधरा दिवस लागले, खरं तर पाच मिनिटांचं काम होतं. चुकलो. सुट्टी मी पुढे ढकललीय, घर आता अठ्ठावीस मेपासून आपलं आहे. डोळा सांभाळ. लोभ मागायचं तोंड नाही, तरी मागतो.

तुझा
धाकटा

*

दि. १० मे

चि. मास्तरास अनेक आशीर्वाद, आणि हे पत्र मी माझ्या डोळ्यानं, चष्मा न लावता लिहितोय.

तुझी यादी तेव्हा वहिनीनं वाचून दाखवली होती. आठ! काल पट्टी-बिट्टी सगळं संपवून कारखान्यात गेलो आणि टेबलापाशी बसलो. बाबा रे, तपकिरी रंगात इतका तांबडा असतो, इतका जांभळा असतो, हे मी विसरूनच गेलो होतो. डावा डोळा झाकला की साठ रंग, उजवा झाकला की जेमतेम वीस. दहा मिनिटं मी नुसता डोळे मिचकावत बसलो. शेजारच्या टेबलावरच्या बाईंना वाटलं मी त्यांना खुणावतोय. त्यांना मी चौदा वर्षांपूर्वी काम शिकवलं, त्यामुळे तक्रार केली नाही.

मग फळीवर माझ्या नंबराच्या, अजून बाहेर न गेलेल्या पेट्या होत्या त्या उतरवल्या. चव्वेचाळीस. एकोणतिसांत काही ना काही चुकलेलं. ज्या आधीच लोकांच्या घरी गेल्या त्यांचं काय, हा विचार मनात आला आणि मी तो तिथंच थांबवला, कारण त्या परत येणार नव्हत्या आणि या समोर होत्या.

मालकांकडे स्वतःच्या पायानं गेलो. म्हटलं, चिठ्ठी मी लपवली होती, डोळा गेला होता, एकोणतीस पेट्या चुकल्यात, त्या मी बसून नीट करून देतो. त्यानंतर खिळ्यांच्या खोलीत पाठवायचं तर पाठवा. मालक म्हणाले, बाकीच्यांनीही चिठ्ठ्या लपवल्यात, त्यांना डॉक्टरकडे घेऊन जायचं काम तुमचं. टेबल माझंच राहिलं. मीच एक अट घातली. यापुढे माझी प्रत्येक पेटी शेजारच्या बाई बघणार आणि त्यांची मी. मालकांना वाटलं बाईंना राग येईल. बाईंनी लगेच माझी एक चूक काढून दाखवली. बरोबर काढली होती.

आता सुट्टीचं. डॉक्टरांनी महिनाअखेरपर्यंत धुरापासून लांब राहायला सांगितलंय. म्हणजे पहिले तीन-चार दिवस तू एकट्यानं ओढायचीस आणि मी वाऱ्याच्या वरच्या अंगाला बसून तुला काय चव लागतेय ते सांगणार. त्या आठ सिगारी तू जागेवर लावल्या असशील तर उत्तम. नसशील तर आल्यावर दोघं मिळून लावू, आणि या खेपेला चिडायचं नाही.

आता मी तुला चूक सांगायला लावली, तेव्हा माझीही एक ऐक. गेली वीस वर्षं तू दर भेटीला मला ज्या सोनेरी पट्टीच्या सिगारी आणतोस आणि मी वा वा करतो, त्या भयंकर असतात. पहिलीच्या दुसऱ्या झुरक्याला मला ठसका लागला होता. त्यानंतरच्या सगळ्या आमच्या पहारेकऱ्याला दिल्या. तो तुला फार दुवा देतो.

बघ, मलाही वीस वर्षं लागली.

लोभ आहेच, तो मागावा लागत नाही. पण चूक दिसली की लोभ जरा बाजूला ठेवून सांगत जा.

तुझा
दादा